गावाचा एकच पत्ता

ऋषिराज काय काम करतो, हे गावात कुणालाच धड सांगता येत नसे. सुभेदाराचं पोरगं घरात बसून कॉम्प्युटर बघतं, इतकीच माहिती डेअरीपासून सोसायटीपर्यंत सगळ्यांकडं होती. शेजारची राणी तर त्याच्या आईला, क्रांतीला, तोंडावरच विचारायची.

"आवं काकी, पोरगं लय हुशार तुमचं, पण दिवसभर दार लावून बसतंय. उद्या पोरगी द्यायला येनारा इचारनारच की, आत करतंय काय?"

"पहारा करतो," क्रांती म्हणायची.

"कशाचा?"

ह्याचं उत्तर क्रांतीला देता येत नसे असं नाही. ती वाईची, घाटाजवळच्या आळीत वाढलेली, बी.एस्सी. झालेली. लग्न होऊन ह्या कडेगावच्या बाजूच्या गावात आली, मधली कितीतरी वर्षं नवऱ्याच्या बदल्यांबरोबर छावण्यांमधल्या क्वार्टरमध्ये काढली आणि तो, कृष्णात, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर पुन्हा इथं आली. शिकल्या-सवरलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट समजून घेता येते, असं ती मानायची. पण राणीला काय सांगणार? रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबांचे रिपोर्ट मुंबईकडच्या कुठल्याशा भाड्याच्या यंत्रांवर असतात, त्या यंत्रांत कुणी शिरायचं आणि कुणी नाही ते आपला मुलगा ठरवतो, आणि तेही ह्या घरातल्या शिलाई मशीनच्या टेबलावर बसून? राणीनं पदर तोंडाला लावून हसण्यापलीकडं काही केलं नसतं.

खरं तर ऋषिराजला गावात यायचंच नव्हतं. पुण्यात त्याचं बरं चाललं होतं. पण एका सकाळी उसाला पाणी पाजायला गेलेला कृष्णात बांधावर आडवा सापडला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, फक्त एक शब्द शिल्लक राहिला. फौजेत पहाऱ्यावर उभं राहून अंधाराला घातलेला तो शब्द: "थम!" भूक लागली तरी थम, तहान लागली तरी थम, कूस बदलायची असली तरी थम. डॉक्टर म्हणाले, सवयीचे शब्द कधीकधी असे मागं राहतात.

कृष्णात अंगानं थोराड माणूस. क्रांतीच्या मणक्यात गॅप. त्याला खाटेवरून उचलून चाकाच्या खुर्चीत बसवणं तिच्यानं होईना. एक गडी ठेवला, तो कारखाना सुरू झाल्यावर ऊसतोडीच्या गाडीबरोबर गेला. दुसरा चार दिवस आला आणि यायचा थांबला. कृष्णातच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या. त्या जखमांचा फोटो क्रांतीनं मुलाला पाठवला नव्हता, नुसतं फोनवर सांगितलं होतं. तो पुढच्या आठवड्यात बॅगा घेऊन आला.

सांगलीच्या सुमंत सरांनी त्याला कामावर घेतलं ते ह्याच अटीवर, की घरून केलं तरी चालेल, पण काम अडता कामा नये. छोटीशीच कंपनी. सरांनी त्याला मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता, "गावात नेट टिकतं का?" आणि तो म्हणाला होता, "टिकवतो."

तेव्हापासून घराची घडी बसली. सकाळी ऋषिराज वडिलांच्या, आप्पांच्या, बगलेत हात घालायचा, छातीला छाती भिडवून "एक, दोन, आन् हुप्प!" करून खुर्चीत बसवायचा आणि ओसरीवर आणून रस्त्याकडं तोंड करून ठेवायचा. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला कृष्णात दरडावायचा, "थम!" आणि गावही मोठं गुणी, जाणारा थांबून हजेरी द्यायचा.

"सोडा की सुभेदार, भाऊसो हाय मी."

"म्हशीला बी थांबवू का आता?"

"व्हय, दगडाबाईच हाय. वळखलं न्हाई व्हय? पास न्हाई आज, उद्या आनते."

कृष्णातचा डावा हात कपाळापर्यंत जायचा आणि तो माणूस पुढं सुटायचा. जखमा भरल्या. क्रांतीला वाटायला लागलं, आता हे असंच चालावं. ह्यापेक्षा जास्त काही तिनं देवाकडं मागितलं नव्हतं.

दुपारी आप्पांना भरवून झालं की ती चहा घेऊन मुलाच्या खोलीत जायची. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. चित्र नाही, रंग नाही.

"ह्याला बटणं नसतात का रे? बँकेत तरी बटणं दिसतात."

"असतात की. पण बटण दाबलं आणि विसरलं, असं होतं. हे टाईप केलेलं मागं राहतं. उद्या तसंच्या तसं परत चालवता येतं." तो टाईप करता करता सांगायचा. "हे बघ, ही फायरवॉल, म्हणजे आपला पहारा. आधी रूलला, म्हणजे हुकमाला, नाव दिलं. मग दिशा, आत येणारे. मग कुठल्या दारानं, तो हा दाराचा नंबर. मग कुठून येणारे, तो हा आपला नेटवरचा पत्ता. ह्यांना सोड. बाकी कुणालाच नको, ते सांगावं लागत नाही, ते मुळातच बंद असतं."

"आणि हा शेवटचा आकडा?"

"कुणाचं आधी ऐकायचं त्याचा. लहान आकड्याचा हुकूम आधी. खाली मोठ्या आकड्यात काय का लिहिलेलं असेना, वरून लहान आकड्याचा हुकूम आला की खालच्याला कोण विचारत नाही."

"तुझ्या आप्पांच्या फौजेसारखं."

"फौजेत निदान सलाम तरी करतात गं."

"आणि ज्याला आत घ्यायचं नाही, त्याला काय सांगतो?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"उत्तरच द्यायचं नाही. 'नाही' म्हटलं तरी बाहेरच्याला कळतं की आत कुणीतरी आहे. गप्प बसायचं. तो वाट बघतो, बघतो, आणि कंटाळून जातो."

क्रांतीला ते ऐकून कसंतरीच झालं होतं. दारात आलेल्याला नाही म्हणावं, पण उत्तरच देऊ नये, हे तिच्या वाईच्या घरात कधी झालं नव्हतं. तिनं ते बोलून दाखवलं नाही. बाहेरून आप्पा ओरडले, "थम!" आणि ऋषिराज हसून म्हणाला, "ऐकलंस? आप्पा अजून उत्तर देतात, म्हणून त्यांना फायरवॉल म्हणता येत नाही."

काम अडायचं ते एकाच गोष्टीनं. लाईट गेली की नेट जायचं, आणि लाईट आली की हा पत्ता बदललेला असायचा. मग रूलमध्ये लिहिलेला पत्ता जुना आणि ऋषिराज स्वतःच दाराबाहेर. तो नवा पत्ता शोधायचा, जुना खोडून नवा टाकायचा आणि पुन्हा आत जायचा. दिवसातून कधी एकदा, कधी चारदा. जुना खोडायला तो एकदाही विसरला नाही. त्या बाबतीत बापासारखा काटेकोर होता. एका लॅबचा मालक मात्र ऐकत नव्हता. त्याच्या मशीनचा पासवर्ड म्हणजे लॅबचंच नाव. "बदला हो," म्हणून ऋषिराजनं फोनवर किती वेळा विनवलं, तो म्हणायचा, "आमच्या पोरींच्या लक्षात राहत नाही दुसरं काही. आणि तुम्ही आहात की दारावर." तेव्हा त्या यंत्राला कुलूप असं एकच होतं, ऋषिराजचा रूल.

एकदा घरातली लाईट गेलेलीच नव्हती. चौकातली विजेची डीपी उडाली होती आणि केबलवाल्या नानासोच्या दुकानातला नेटचा खोका बंद पडला होता. गावात नेट देणारा नानासो एकटाच. तो खोका सुरू झाला आणि ऋषिराजचा पत्ता बदललेला.

"आपली लाईट तर होती," क्रांती म्हणाली.

"नानासोचं काहीतरी असंल," तो म्हणाला आणि नवा पत्ता टाईप करायला लागला.

हे वाक्य क्रांतीनं पुढं इतक्या वेळा आठवलं की त्याचा चोथा झाला. तिथं तो थांबला असता तर. चौकातल्या दुकानाची लाईट गेल्यावर आपल्या घराचा पत्ता का बदलावा, एवढंच त्यानं स्वतःला विचारलं असतं तर. पण तो पुण्यात शिकला होता. तिथं ऑफिसला स्वतःचा पत्ता, तसा घरालाही असणार, असं त्यानं धरलं. ज्या गावात कुठल्याच घराला नंबर नाही, नाव आणि गाव लिहिलं की पत्र पोचतं, त्या गावात वाढलेल्या मुलानं आपल्या घराला नंबर आहे असं धरलं.

सोमवारची सकाळ होती. आप्पा अर्धे खाटेवर, अर्धे त्याच्या खांद्यावर, आणि खिशातला फोन वाजायला लागला. तो वाजू दिला. पुन्हा वाजला. खुर्चीचा पट्टा बांधून त्यानं फोन कानाला लावला आणि क्रांतीनं त्याचं तोंड बघितलं. लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना पाठीचा डबा सुटला होता तेव्हा त्याचं तोंड तसं झालं होतं.

त्या पासवर्ड न बदलणाऱ्या लॅबच्या यंत्रात कुणीतरी शिरलं होतं. रिपोर्टच्या फायली सगळ्या कुलूपबंद. किल्लीसाठी पैसे मागणारा इंग्रजी मजकूर पडद्यावर. लॅबच्या दारात सकाळपासून उपाशीपोटी आलेली माणसं आणि कालचे रिपोर्ट मागणारी माणसं. कुणा बाईचं ऑपरेशन रिपोर्ट नाही म्हणून पुढं ढकललं होतं.

तीन-चार दिवस ऋषिराज खोलीतून जवळपास बाहेर आला नाही. बाजूला ठेवलेली एक जुनी नक्कल होती, ती त्यानं परत चढवली. पण मधल्या काही आठवड्यांचे रिपोर्ट गेले ते गेलेच. त्या दिवसांत कृष्णातला ओसरीवर आणायला कुणी नव्हतं. तो खाटेवरून भिंतीला दरडावत राहिला.

मग सुमंत सर आले. स्वतः गाडी चालवत, कृष्णातला बघायचं निमित्त काढून. दारात चप्पल काढून आत खाटेसमोर बसले, क्रांतीनं दिलेला चहा घेतला, "सुभेदारसाहेब, कसं काय?" म्हणाले. कृष्णात त्यांना "थम" म्हणाला नाही. अनोळखी माणूस, त्याला आधी थांबवायला हवं होतं. पण तो नुसता बघत बसला.

"ऋषी, मी आता सरळ विचारतो," सर कप खाली ठेवून म्हणाले. "जो आत शिरला तो तुझ्या पत्त्यावरून शिरला. त्या दिवशीची नोंद मी दहा वेळा बघितली. तूच दिलेला पत्ता. तुझ्या घराचा."

"सर, मी शिरलो नाही."

"ते मला माहीत आहे रे. मग घरात कोण आहे दुसरं?"

सगळ्यांची नजर खोलीभर फिरली. खाटेवरचा माणूस. त्याची बायको.

"नानासोला बोलावतो," ऋषिराज म्हणाला.

नानासो केबलचा गुंडाळा खांद्यावर तसाच टाकून आला. त्याला आधी वाटलं बिलाचं काहीतरी आहे. मग प्रश्न कळल्यावर तो अगदी सहज बोलला, जसं शेताच्या पाण्याचं सांगावं.

"पत्ता व्हय? आवं, पत्ता वरनं मला एकच येतो. त्योच सगळ्या गावाला. पाटाला पानी एका तोंडातनं येतंय, मग मी आत दारं धरून वाटतोय, तसं."

"सगळ्या गावाला एकच?" सर म्हणाले.

"तर वो. हितनं कोन बी भाईर गेलं तरी भाईरच्याला आमी सगळी एकच मानूस दिसतोय."

ऋषिराज उभा होता तो भिंतीला टेकला. सर त्याच्याकडं न बघता हळू म्हणाले, "म्हणजे घराचं दार म्हणून तू वेशीचं दार उघडलंस."

नानासोलाच अवघड वाटलं. "आता ऋषीदादाला पायजे आसंल तर वेगळा पत्ता मिळतो की. कायमचा, न बदलनारा. वर सांगितलं की देत्यात."

"मिळतो?" ऋषिराजनं विचारलं.

"मिळतो की. तुमी मागितला न्हाई, मी दिला न्हाई."

सर उठले. जाता जाता त्यांची नजर टीव्हीवर गेली. टीव्हीमागं एक काळा चपटा खोका होता, त्याचा हिरवा दिवा लागलेला.

"हे काय आहे?"

"ह्यांना कुस्त्या बघायला," क्रांती म्हणाली. "विट्याच्या बाजारातून आणला मी. त्यात सगळं फुकट दिसतं."

सरांनी तो उलटा करून बघितला. त्यावर कुठलंच नाव नव्हतं. "असल्या खोक्यांत कधीकधी बाहेरच्यांचे चोरप्रोग्रॅम असतात, वहिनी. टीव्ही दाखवतात आणि मागच्या मागं तुमच्या नेटवरून दुसऱ्यांच्या दारात जातात. लॅबच्या नावाचा पासवर्ड काय, पहिल्या दणक्यात सापडत असेल."

"म्हणजे ह्यानंच?"

"तसं म्हणता येत नाही. असेल. नसेलही. नानासो, गावात असे किती असतील?"

"घरटी हाय म्हना की. फुकट पिच्चर दिसतोय म्हनल्यावर कोन सोडतंय?"

"मग कधीच कळायचं नाही," सर म्हणाले, आणि खोका होता तसा ठेवून दिला.

क्रांती मुलाकडं बघत होती. त्यानं खोक्याकडं बघितलं नाही आणि तिच्याकडंही बघितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. "आई, कशाला आणलास?" असं त्यानं एकदा ओरडून विचारलं असतं तरी तिला बरं वाटलं असतं. त्यानं कधीच विचारलं नाही. संध्याकाळी ताट वाढताना तीच म्हणाली, "मला काय माहीत होतं रे." तो म्हणाला, "तुला कशाला माहीत असायला पाहिजे. मला माहीत पाहिजे होतं." आणि आमटीत भाकरी कुस्करत राहिला, खाल्ली नाही. रात्री झोपण्याआधी तिनं खोक्याची वायर काढली, खोका फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर डब्यांच्या मागं ढकलून दिला.

नोकरी गेली. सरांनी वाईट शब्द वापरला नाही. लॅबवाल्याला कुणाचं तरी नाव द्यावं लागणार, म्हणाले. तूच राजीनामा दे, म्हणजे पुढं अडचण येणार नाही. पुढं अडचण आलीच. सांगलीत ह्या कामातली माणसं किती, आणि ती एकमेकांना ओळखतात किती.

राजीनाम्यानंतर दोन दिवसांनी त्याला आठवलं की दुसऱ्या एका लॅबचं चाचणीसाठी उघडलेलं दार बंद करायचं राहिलंय. जाता जाता तेवढं सांगू म्हणून त्यानं सरांना फोन केला, तो उचलला गेला नाही. मेसेज पाठवला, त्याला उत्तर नाही. मग सवयीनं काळा पडदा उघडून आत जायला बघितलं. क्रांती दारात चहा घेऊन उभी होती. अक्षरं टाईप झाली आणि खाली ती उभी रेघ लुकलुकत राहिली. पुढं काही येईना. चूक आहे, असंही नाही. नाही, असंही नाही.

"बंद पडलंय का?"

"नाही. बंद केलंय. वर लहान आकडा टाकलाय त्यांनी." तो खुर्चीत मागं रेलला. "माझा रूल असंल अजून खाली. कोण पुसतंय."

दुसऱ्याच दिवशी राणी मोबाईल नाचवत आली. "काकी, सासूबाईचा रक्ताचा रिपोर्टच उघडंना बगा. सकाळधरनं गोल-गोल फिरतंय. नानासो म्हनतोय नेट चालू हाय."

ऋषिराजनं आतून ऐकलं. बाहेर येऊन म्हणाला, "वायफाय बंद कर आणि मोबाईलच्या नेटवर बघ." रिपोर्ट उघडला. राणी त्याला दुवा देत गेली.

"सगळ्या गावालाच बंद केलंय गं आई," तो म्हणाला आणि हसला. क्रांतीनं त्याला त्यानंतर हसताना बघितलं नाही.

मग दुसरीकडं अर्ज सुरू झाले. पुणे, मुंबई, बेंगळुरू. पहिले काही दिवस तो दर थोड्या वेळानं मेल उघडून बघायचा. नकार आला असता तर तिनं त्याची समजूत काढली असती, दुसरीकडं मिळेल म्हणाली असती. नकार येतच नव्हता. काहीच येत नव्हतं. क्रांतीला त्याचंच वाक्य आठवायचं, तो वाट बघतो, बघतो, आणि कंटाळून जातो. लग्नासाठी ज्या दोन ठिकाणी बोलणं चाललं होतं, तिथूनही अशीच शांतता पसरली. वाईहून तिचा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, मी विचारलं त्यांना. ते फोनच उचलत नाहीत." ती म्हणाली, "असू दे, नको विचारूस." 

आप्पांना मात्र तो रोज उचलत होता. "एक, दोन" म्हणायचा, तिसरा शब्द म्हणायचा नाही. ओसरीवर नेऊन बसवायचा आणि स्वतः आत येऊन पडायचा. क्रांती त्याला बाहेरच्या बाजूनं न्याहाळायची. आत काय चाललंय ते विचारायला जायची आणि चहा हवा का, एवढंच विचारून परत यायची. वर्तमानपत्रात कुठल्याशा मुलाची बातमी आली की ती तो कागद मुडपून चुलीत घालायची. विहिरीकडं कोण गेलं, मोटर कोण चालू करायला गेलं, हे ती कानांनी मोजत बसायची. घरात फवारणीचं औषध होतं ते तिनं भाऊसोच्या गोठ्यात नेऊन ठेवलं. भाऊसोनं कारण विचारलं नाही.

शेवटी चाकणला त्याच्या वर्गमित्राच्या ओळखीनं एका गोदामात काम मिळालं. आलेला माल आणि गेलेला माल कॉम्प्युटरवर चढवायचा. शिफ्टची नोकरी, राहणं चौघांत मिळून. "हे तुझ्या शिक्षणाचं काम नाही," क्रांती म्हणाली. "जाऊ नकोस" असं म्हणायचं तिच्या ओठांवर होतं. पण घरात पडून राहिलेला मुलगा आणि चाकणला जिवंत असलेला मुलगा ह्यांत तिनं मनात कधीच निवड केली होती. त्या निवडीत नवऱ्याच्या पाठीचा विचार तिनं केला नाही असं नाही. केला, आणि बाजूला ठेवला.

जायच्या दिवशी ऋषिराजनं बापाला उचललं, ओसरीवर आणलं, पट्टा बांधला. पायाला हात लावला. कृष्णातचा डावा हात त्याच्या डोक्यावर गेला, मग त्याच्या शर्टच्या कॉलरला धरून राहिला. ऋषिराज वाकूनच थांबला. एरवी रस्त्यावरच्या कुत्र्यालाही थांबवणारा माणूस त्या दिवशी एकही शब्द बोलला नाही. एसटीचा हॉर्न फाट्यावर ऐकू आला तेव्हा क्रांतीनंच ती बोटं एकेक करून सोडवली.

"पोचलास की फोन कर."

"करतो."

"खोटं सांगू नकोस, जेवलो म्हणून."

"नाही सांगत."

संध्याकाळी भाऊसो आला, त्यानं आणि क्रांतीनं मिळून कृष्णातला परत खाटेवर घेतलं. घेताना तिच्या कमरेत चमक भरली ती गेली नाही. भाऊसो म्हणाला, "वैनी, रोज हाक मारा मला, लाजू नका." काही दिवस ती हाक मारत राहिली. मग कारखान्याच्या टोळ्या आल्या, भाऊसोच्या उसाला तोड लागली, आणि तो तरी किती येणार? कृष्णात आता खाटेवरच असतो. ओसरीवरची खुर्ची भिंतीशी घडी घालून ठेवली आहे. रस्त्यानं जाणारी दगडाबाई पहिल्या काही दिवसांत सवयीनं ओसरीपाशी थांबायची, आत डोकावून "सुभेदार, जाऊ का म्या?" म्हणायची. आतून आवाज यायचा, पण खाटेवरून रस्ता दिसत नाही, आणि तो आवाज कुणाला आहे ते तिलाही कळेना. आता ती न थांबता जाते.

पाठीची जखम परत उघडली आहे. क्रांती तिला औषध लावते आणि मुलाला फोनवर सांगते, बरी आहे. तो सांगतो, जेवलो.

दुपारी कृष्णातला कुस्त्या बघायची वेळ आठवते. त्याचा डावा हात टीव्हीकडं जातो. काळा पडदा, मागं खोका नाही. माळ्यावरचा खोका परत लावला तर काय बिघडणार आहे आता, असं क्रांतीच्या रोज मनात येतं. त्यानं काही केलं असो वा नसो, ज्याच्यावर बेतायचं होतं त्याच्यावर बेतून गेलं. तरीही तिचा हात माळ्याकडं उचलत नाही.

"थम," कृष्णात म्हणतो.

"लाईट नाही हो," ती म्हणते. "आली की लावते."

कृष्णात वर बघतो. डोक्यावर पंखा फिरत असतो. तो पंख्याकडं बघतो, मग तिच्याकडं बघतो, मग बोट हळूहळू खाली घेतो आणि चादरीवर ठेवतो.